अवं माय, ब्रेरात उतरल्या होत्या म्हणे!

ऐकलंत का? कामठीच्या मोदी पडावातल्या त्या काकू मिलानला जाऊन आल्या. त्याच, ज्या नागपूरला जायचं म्हटलं तरी आदल्या रात्रीपासून पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या भरून ठेवतात. जाऊन आल्या त्याचं काही नाही. हल्ली कोण जात नाही? घोर प्रकार पुढेच आहे. भिशीत कोणीतरी भोळेपणाने विचारलं, "इटलीत काय काय पाह्यलं जी?" त्यावर काकूंनी कप बशीत ठेवला, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाल्या, "इटली नाही हो. आम्ही ब्रेरात उतरलो होतो."

ब्रेरात! इटलीत नाही, मिलानमध्ये नाही, थेट ब्रेरात! सगळ्या जणी गप्प. एकीला वाटलं हॉटेलचं नाव असेल, दुसरीला वाटलं व्याह्यांचं आडनाव. तिसरी हात धुवायच्या निमित्ताने उठली, आत जाऊन मोबाइलवर पाहून आली आणि आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं अशा चेहऱ्याने बसली. ब्रेरा म्हणजे मिलानमधला एक मोहल्ला. मोहल्ला! आता तुम्हीच सांगा, कामठीचा माणूस मुंबईत गेला की कामठीचं नावसुद्धा घेत नाही, "नागपूर" म्हणून मोकळा होतो. आणि हीच माणसं युरोपातून आली की अख्खं शहर गिळून टाकतात आणि मोहल्ल्याचं नाव सांगतात.

एकट्या काकू असत्या तर सोडून दिलं असतं. पण लाला ओळीतले किराणावाले भाऊ "नाविल्यी"ला जाऊन आले. रनाळ्याचे निवृत्त मास्तर आणि मास्तरीणबाई "इझोला"त राहून आले. येरखेड्याच्या एक डॉक्टरीणबाई पोर्ता वेनेत्सियाबद्दल असं बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं बाईंचं माहेर तिथलं. साथ आली आहे साथ, आणि नगरपरिषदेकडे हिच्यावर औषध नाही.

पूर्वी परदेशवारीलाही एक शिस्त होती. आधी सिंगापूर-थायलंड, मग दुबई, लेकीचं बाळंतपण निघालं तर अमेरिका, आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले की युरोप. युरोप म्हणजे बारा दिवसांत आठ देश. बसमधून उतरायचं, मनोऱ्यापुढे उभं राहायचं, फोटो, परत बसमध्ये. रात्री वरणभात. केसरीने १९८४ पासून आणि वीणा वर्ल्डने २०१३ पासून मराठी माणसाला कसं हाताला धरून जग दाखवलं! त्या प्रवासाबद्दल बोलणंही सोपं होतं. पिसाचा मनोरा खरंच वाकडा आहे, एवढं सांगितलं की इटली संपली. ऐकणाराही सुटला, सांगणाराही सुटला. आता एकाच शहरात आठ-आठ दिवस बूड टेकतात. त्यातही ठळक ठिकाणं पाहायची नाहीत, ते म्हणे "टुरिस्ट लोकांचं काम". आपण गल्ल्या फिरायच्या. पायी!

पायी म्हटल्यावर माझ्या हातातलं भजं खाली पडलं. ज्या बाईने भाजीमंडीला जायला कधी ई-रिक्षाखेरीज पाय उचलला नाही, जिला मोटार स्टँडपासून घरापर्यंत यायचं तर मुलाला फोन करून स्कूटर मागवावी लागते, ती तिथे दिवसाला अठरा-अठरा हजार पावलं चालते आणि रात्री त्या पावलांचा फोटो पाठवते. हो, पावलांचा फोटो. आकडाच असतो, पण आपण बदाम पाठवायचा.

हे सुरू कुठून झालं, तेही शोधून ठेवलं आहे. मूळ आहे पोलितेक्निको दि मिलानो. १८६३ सालची संस्था, आणि आपल्याकडची आर्किटेक्ट-इंजिनियर झालेली पोट्टी हल्ली पुढच्या शिक्षणाला तिकडे जातात, कारण तिथे इंग्रजीतून शिकता येतं आणि घरचं उत्पन्न बघून शिष्यवृत्तीही मिळते. पोट्टी गेली की वर्षभरात आईबाप मागोमाग. मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी टाकून राहायचं, दुपारी ती वर्गात, मग हे दोघं गल्ल्यांतून फिरायला मोकळे. असा हा पहिला जंतू कामठीत शिरला. मग ज्यांची मुलं तिथे नव्हती त्यांनाही ताप चढला. नागपूरहून दोहा, दोह्याहून मालपेन्सा. मालपेन्सा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तिथून आगगाडीने कादोर्ना नाहीतर चेंत्राले स्टेशन. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि मी मुंबईच्या पलीकडे गेलेले नाही. तेवढी चित्रं पाहिली आहेत मी, सक्तीने.

आता अब्रूच्या गोष्टी सांगते. दार लोटून घ्या.

मिलानच्या मधोमध दुओमो नावाचं मोठं चर्च आहे. १३८६ साली बांधायला घेतलं आणि शेवटचं दार बसलं १९६५ साली. आपल्याकडच्या पुलाच्या कामाला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. अंगावर तीन हजारांच्या वर पुतळे, वर मेरीमातेचा सोनेरी पुतळा, मादोन्नीना. तर या दुओमोच्या दारात कपड्यांची तपासणी होते, खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. फॅशनची राजधानी म्हणून एका घरच्या सूनबाईंनी खास नागपूरच्या धरमपेठेतून बिनबाह्यांचा झगा शिवून नेला होता. सूनबाई दारातच अडकल्या. सासूबाई नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन, सरळ आत! बाहेर आल्या त्या छपरावरचे सुळके पाहून, तासाभराने. सुनेने तोवर पायरीवर बसून कबुतरं मोजली. हे सासूबाईंनी कामठीत आल्यावर किती घरी सांगितलं असेल, याची मोजदाद बंद केली आहे.

पण हे काहीच नाही. बैलाचं ऐकलं नाहीत ना अजून?

दुओमोच्या शेजारी काचेच्या छताची एक भव्य बाजारपेठ आहे, गॅलेरिया व्हित्तोरियो एमानुएले. १८६५ साली काम सुरू झालं, १८७७ ला पुरं झालं. बांधणारा वास्तुकार जुझेप्पे मेंगोनी. काम संपत आलं असताना त्याच वर्षीच्या डिसेंबरात परांचीवरून पडून बिचारा गेला. तर या बाजारपेठेच्या घुमटाखाली फरशीवर रंगीत दगडांच्या तुकड्यांची चार शहरांची चिन्हं काढली आहेत. रोमची लांडगीण, फिरेन्झेचं कमळासारखं फूल, मिलानचा क्रूस आणि तुरीन शहराचा बैल. तो बैल मागच्या पायांवर उभा आहे आणि... काय सांगू बाप्पा, जिथे कोणाची नजर जाऊ नये, तिथे लोक टाच रोवतात आणि गरगर तीन गिरक्या घेतात! नशीब उघडतं म्हणे. इतक्या टाचा पडल्या, की त्या जागी खड्डा पडला आहे आणि पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते.

आता या गिरक्या कोणी घेतल्या, ते ऐका. गळ्यात तुळशीची माळ, दर शनिवारी मारुतीला तेल, गल्लीतल्या पोरांनी मोठ्याने गाणं लावलं तर खिडकीतून ओरडणारे आपले ते तात्या! नातवाने चित्रफीत काढली, घरच्या ग्रुपवर टाकली, आणि सूनबाईंनी (त्याच, दुओमोच्या पायरीवरच्या) ती चुकून वॉर्डाच्या ग्रुपवर पुढे ढकलली. चुकून! आणि दिवस कोणता? पोळ्याचा आदला! सगळीकडे बैलांच्या शिंगांना रंग देणं सुरू, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चिमुकली पोट्टी लाकडाचे नंदी सजवून बोजारा मागायला दारोदार फिरणार. आणि इकडे मोबाइलवर तात्या बैलाच्या नाजूक जागी टाच रोवून गिरकी घेऊन राहिले.

तात्यांना पारावर जाब विचारला गेला. तात्या जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "तो बैल आपला होय काय? तो तुरीनचा होय. मिलानवाल्यांची तुरीनवाल्यांशी खुन्नस आहे. मी गावच्या बाजूने गेलो." यावर पारावरचे लोक गप्प झाले. नागपूर-पुणे असं काही असेल तर समजण्यासारखं आहे, असं दोघातिघांना वाटलं असावं.

नशीब उघडलं का, ते मात्र तात्या सांगत नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न अजून जमायचं आहे, एवढं आपण लक्षात ठेवावं.

पुढची गल्ली व्हिया मोन्तेनापोलेओने. ही कपड्यालत्त्याची चौकडी: मोन्तेनापोलेओने, देल्ला स्पिगा, मान्झोनी आणि कोर्सो वेनेत्सिया, या चार रस्त्यांत जगातले सगळे बडे शिवणारे बसले आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात कुशमन अँड वेकफील्डच्या यादीत मोन्तेनापोलेओने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूला मागे टाकून जगातला सर्वांत महाग दुकानभाड्याचा रस्ता ठरली. चौरस मीटरला वर्षाचं सुमारे २०,००० युरो. लाला ओळीतल्या भाऊंनी तिथेच फुटपाथवर उभं राहून हिशोब घातला. त्यांच्या अख्ख्या दुकानाचं वर्षाचं भाडं घातलं तरी त्या दुकानाच्या पायपुसण्याएवढी जागा हाती येत नव्हती. भाऊ त्यानंतर दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, असं वहिनींनी सांगितलं.

बरं, घेतलं काय? काही नाही! काचेतून पाहिलं. दारावर काळ्या सुटातला उंचापुरा माणूस उभा होता, भाऊंनी त्याला शेठ समजून वाकून नमस्कार घातला. तो चौकीदार निघाला. पण त्यानेही मान लववली, त्यामुळे भाऊ त्या दुकानाबद्दल फार चांगलं बोलतात. आत गेले नाहीत. सीताबर्डीवर दोनशेची वस्तू साठला मागणारी आमची वहिनी तिथे एकाही दुकानात तोंड उघडू शकली नाही, हा मिलानने विदर्भावर केलेला सर्वांत मोठा अन्याय आहे आणि त्याचा निषेध कोणी नोंदवलेला नाही.

निषेधाचं म्हणाल तर एकदा झाला होता, आणि चपलेवरून झाला होता. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्याच फॅशन सप्ताहात प्रादाने पुरुष मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी घातली आणि नाव दिलं नुसतं "चामड्याची सँडल". कोल्हापूरचं नाव नाही, कारागिराचं नाव नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, एवढ्यांचा तो हक्क. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, प्रादाने प्रेरणा कुठली ते कबूल केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन पाहून गेली. आणि डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: इथल्या कारागिरांच्या हातचे २,००० जोड, एकाची किंमत साधारण ८०० युरो. रुपयांत करा, ८० हजारांच्या वर जाते. ही प्रादा म्हणजे त्याच बैलाच्या गॅलेरियात १९१३ साली उघडलेलं चामड्याच्या बॅगांचं दुकान.

तर या सगळ्या प्रकरणानंतर कामठीकरांनी काय केलं असेल? कोल्हापुरी घालून मिलानला जायची टूम काढली! एरवी वेगळा विदर्भ मागणारे, पश्चिम महाराष्ट्राचं नाव काढलं की अनुशेषाचे आकडे म्हणून दाखवणारे, ते सगळे प्रादाच्या काचेपुढे एक पाय पुढे काढून उभे आणि फोटोखाली ओळ काय, तर "आमची कोल्हापुरी, ओरिजिनल!" आमची? कोल्हापूर कामठीपासून हाकेच्या अंतरावर आहे की काय? त्यातल्या एकाची चप्पल तर नागपूरच्या इतवारीतली, रबराच्या तळाची. आणि ज्याची अस्सल होती त्याचा अंगठा दोन मोहल्ल्यांतच सोलून निघाला. उरलेला प्रवास पांढऱ्या स्पोर्ट्स बुटांत, कोल्हापुरी पिशवीत. फोटोपुरती काढायची, घालायची, परत पिशवीत.

मिलानच्या लोकांनी या पायांकडे पाहिलं का? मुळीच नाही. त्याचंच सगळ्यांना वाईट वाटलं.

आता संध्याकाळ. हे जरा हळू सांगते, घरात वडीलधारी असतील.

मिलानमध्ये संध्याकाळी सहाच्या पुढे आपेरितीवो नावाची रीत आहे. जेवणाआधी एक पेला घ्यायचा आणि त्याच्याबरोबर ऑलिव्ह, वेफर्स, पावाचे तुकडे, काय काय येतं. गॅस्पारे काम्पारीने १८६० साली आपलं लालभडक कडू औषध काढलं, गॅलेरियाच्या तोंडाशी १९१५ पासून त्याच घराण्याचा बार आहे. तिथून ही सवय शहरभर. आता कामठीची माणसं यात कशी सापडली? रंगाने दगा दिला. आपेरोल नावाचं एक पेय आहे, पादुआत १९१९ साली निघालेलं, त्यात गोड-कडू संत्र्यांचा अर्क असतो. त्यात फेसाळ वाइन आणि सोडा घातला की स्प्रित्झ. दिसायला? निव्वळ संत्रा! वर संत्र्याची फोडसुद्धा. नागपूर जिल्ह्यातल्या माणसासमोर नारिंगी पेला आला आणि त्यात संत्र्याची फोड तरंगत असली, तर त्याने संशय कसा घ्यायचा?

मोदी पडावच्या काकूंनी एक घेतला. "जरासा कडवट होता, आंबिया बहराचा असेल," असं त्यांचं म्हणणं. मग दुसरा घेतला. मग, लेक सांगत होती, काकूंनी कालव्याच्या काठावर बसून भुलाबाईची गाणी म्हटली, आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिशीत हा विषय निघाला की काकू म्हणतात, "मले तं ज्यूसच वाटला जी." त्यांना अजूनही ज्यूसच वाटतो. ओळीतल्या भाऊंना मात्र ते काय आहे ते पहिल्या पेल्यातच कळलं होतं. त्यांचा मुद्दा वेगळा. एक पेला दहा-बारा युरोचा, पण खायचं त्याच्यातच आलं; म्हणजे रात्रीच्या जेवणाचे वाचले. एका पेल्यावर तीन वेळा ऑलिव्हची वाटी मागवणारा माणूस त्या बारवाल्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

हा बार होता नाविल्यीत. नाविल्यी म्हणजे कालव्यांचा मोहल्ला. नाविल्यो ग्रांदे ११७७ पासून खणायला घेतलेला. तिचीनो नदीचं पाणी शहरात आणलं, आणि दुओमोचा संगमरवर मॅजोरे सरोवराच्या बाजूच्या कांदोलियाच्या खाणीतून होड्यांत घालून याच वाटेने आला. १४८२ साली लिओनार्दो मिलानला आला, त्याने या कालव्यांच्या जलद्वारांवर डोकं चालवलं. पुढे विसाव्या शतकात शहरातले बरेचसे कालवे बुजवून वर रस्ते केले आणि आता हळहळतात. नाल्यावर स्लॅब टाकायची हौस आपल्याकडेच आहे असं मी समजत होते.

तिथे एक बोळ आहे, विकोलो देइ लावांदाई, धोब्यांचा बोळ. पाण्याच्या कडेला तिरक्या दगडी फरश्या, वर लाकडी छप्पर. परवा-परवापर्यंत, म्हणजे १९५० च्या दशकापर्यंत, तिथे धुणं व्हायचं. आता फक्त फोटो. आमच्या भिशीतल्या सातपैकी पाच जणींचा त्या दगडापुढचा फोटो आहे, तोच दगड, तीच पोझ, हनुवटीला बोट. आणि यातल्या एकीने मागच्याच वर्षी घराचं काम काढलं तेव्हा सासूचा अंगणातला धुण्याचा दगड ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन उचलून न्यायला लावला! सासू तेव्हा रडल्या होत्या. कन्हानच्या काठावर आजही धुणं होतं, तिथे फोटो काढायला गेलं तर धुणारे दगड मारतील, ते सोडा. पण त्या बोळाची एक गोष्ट कळली आणि भिशीत दहा मिनिटं हशा थांबला नाही. तिथे आधी धुणारे बाप्ये होते. त्यांचा रीतसर संघ होता, पादुआचा सेंट अँथनी त्यांचा रक्षक. हे ऐकून दोन जणींनी घरी जाऊन नवऱ्याला बोळाचा फोटो दाखवला. परिणाम शून्य.

ब्रेराचंही सांगून टाकते, नाहीतर काकू रागावतील. जुन्या राजवाड्यात चित्रांचं संग्रहालय, वर वेधशाळा, मागे औषधी झाडांची बाग, आणि आजूबाजूला अशा गल्ल्या, की चुकावंसं वाटतं म्हणे. संग्रहालयात फ्रांचेस्को हायेझचं १८५९ सालचं प्रसिद्ध चुंबनाचं चित्र आहे. त्याच्यापुढे काका-काकूंचा फोटो. दोघं एकमेकांपासून हातभर लांब, दोघांची नजर कॅमेऱ्याकडे, आणि मागे ते दोघं! काकांनी घरी तो फोटो छापून लावला, फक्त मागचं चित्र कापून. म्हणजे आता दोन माणसं भिंतीपुढे उभी आहेत.

आणि लिओनार्दोचं शेवटचं भोजन? सान्ता मारिया देल्ले ग्रात्सियेच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. महिनोन् महिने आधी नाव नोंदवायचं, आणि आत गेलं की मोजून पंधरा मिनिटं. मास्तरीणबाई आत शिरल्या, पिशवीतून चष्मा शोधला, पुसला, लावला; तोवर बाहेर काढलं. ओल्या गिलाव्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर वेगळ्याच पद्धतीने रंगवलं, म्हणून लिओनार्दो जिवंत असतानाच ते पोपडे धरू लागलं होतं. मास्तर यावर म्हणाले, "आपल्या शाळेच्या भिंतीसारखंच झालं. ठेकेदार मोठा असला म्हणून काय." ऑगस्टात मात्र जाऊ नका, हा त्यांचा सल्ला मी फुकट देते. ते पहिल्यांदा गेले ते पंधरा ऑगस्टच्या सुमाराला. अर्ध्या दुकानांची शटरं खाली, गावकरी सगळे समुद्रावर. फॅशनची राजधानी आणि एक न्हावी उघडा मिळेना.

या सगळ्यावर गेल्या आठवड्यात जयस्तंभ चौकातल्या टपरीवर मोठी जुंपली. एक इतिहासाचे गुरुजी आहेत, पासपोर्ट नाही, त्यामुळे मत ठाम. त्यांनी थेट विचारलं, "काहून जाता रे तिकडे मोहल्ले पाहाले? कामठीची छावणी १८२१ ची. इटली नावाचं राज्य झालं १८६१ ला. आपण चाळीस वर्षांनी थोरले!" टपरीवर शांतता. मग गुरुजी सुटलेच. कन्हानच्या काठी इंग्रजांनी छावणी टाकली, मद्रासच्या पलटणी आणल्या, त्यांच्याबरोबर तमिळ-तेलुगू बोलणारी कुटुंबं आली ती इथलीच झाली. उत्तरेतून मोमीन विणकर आले, माग घेऊन. फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे जे पाद्री नागपूरकडे आले ते अॅनेसीचे, आणि अॅनेसीवर तेव्हा तुरीनहून राज्य चालायचं, "म्हणजे तात्याच्या बैलाचे गाववाले इथे कधीच येऊन गेले." बाबू हरदास एल. एन. याच गावचे, "जय भीम" म्हणायची रीत त्यांनी घालून दिली, आणि आता त्या गावात पोट्टे फोन ठेवताना "चाओ" म्हणतात! जपानच्या मदतीने १९९९ ला ड्रॅगन पॅलेस उभा राहिला, लोक जपानातून येतात, आणि तुम्ही तिथे फक्त पाहुणे आले की जाता.

मग गुरुजी गावातल्या ओळींवर आले. दुओमोच्या आसपास व्हिया ओरेफिची आहे, ती सोनारांची. स्पादारी तलवारी करणाऱ्यांची, कापेल्लारी टोप्यावाल्यांची. ते नाव वाचून ही माणसं हरखतात, भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढतात. "आणि दाल ओळी? फुटाणा ओळी? रुईगंज? बैल बाजार? त्या पाटीचा फोटो कधी काढला का रे कोणी?" भाऊ हळूच म्हणाले, "पाटी आहे कुठे गुरुजी? होती ती पोस्टराखाली गेली." मुद्दा बिनतोड होता. गुरुजींनी चहा बदलून मागितला.

त्याच बैठकीत काकूंचाही निरोप पोचला होता, लेकाच्या तोंडून. त्यांना कोणीतरी हेच विचारलं होतं, की इथे ओळीतून चालता येत नाही आणि तिथे कसं चालता. काकू म्हणाल्या होत्या, "तिथे चालताना कोणी विचारत नाही, कुठं निघाल्या? कोणाकडे? एकट्याच काहून? पिशवीत काय हाय?"

ऐका! ऐका हो! हे आम्हाला टोमणे! आम्ही आपुलकीने विचारतो. माणूस घरून निघालं तर कुठे निघालं हे गल्लीला माहीत नको? उद्या काही झालं म्हणजे? साठीची बाई एकटी, न सांगता, हातात काही काम नसताना, दोन-दोन तास परक्या गल्ल्यांतून हिंडते, दुकानाच्या काचेत स्वतःला पाहते, उभ्या-उभ्या काउंटरवर कॉफी पिते, पुढच्या वळणाला डावीकडे जायचं की उजवीकडे ते तिथल्या तिथे ठरवते, आणि म्हणते मले भल्लं बरं वाटलं! आता याला काय म्हणावं? मी रात्रभर विचार केला. झोप लागली नाही.

आल्यानंतरचे चाळे तर विचारूच नका. काकूंच्या घरी आता अकरानंतर दुधाची कॉफी मिळत नाही. तिकडे जेवणानंतर कापुचिनो मागितली तर वेटर बघतो म्हणे. मग बघू दे की! मी सकाळी साडेअकराला गेले तर बाहुलीच्या कपात काळी कॉफी दिली, दोन घोट, वर एक पाण्याचा पेला. तेही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून. बसायला खुर्च्या आहेत, सहा आहेत, पण बसलं की तिकडे जास्त पैसे लागतात ना, त्याची सवय. मास्तरीणबाईंनी केशर घालून रिसोत्तो केला. मिलानचा खास. तांदूळ पळीभर पळीभर पाणी घालत ढवळत राहायचा, मऊ झाला पण कणी राहिली पाहिजे. मास्तरांनी चव घेऊन विचारलं, "फोडणी राह्यली काय?" तिकडचा तांदूळ संपल्यावर दुसऱ्यांदा चिन्नोरचा केला, तो बरा झाला, कारण त्यात न सांगता गोळे सोडले होते. म्हणजे गोळाभातच, केशराचा.

आणि इझोला पाहून आल्यामुळे मास्तरांच्या डोक्यात झाडं शिरली आहेत. इझोला रुळांनी तुटलेला, कामगारांचा मोहल्ला होता. आता शेजारी बोस्को व्हेर्तिकाले नावाच्या दोन इमारती आहेत, २०१४ साली पुऱ्या झालेल्या, मजल्यामजल्यावर गच्चीत मोठाली झाडं. मास्तरांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कडुलिंब लावला. खालचे भाडेकरू ओल उतरली म्हणून भांडायला आले, तर मास्तर त्यांना म्हणाले, "हे मिलानमध्ये बक्षीस मिळवलेलं आहे." प्रकरण सध्या सोसायटीच्या सभेपुढे आहे.

ताजी खबर तर निराळीच. मिलान आता उतरणीला लागलं. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, "मिलानला काय, सगळेच जातात." त्या आणि आणखी दोघी दसऱ्यानंतर बोलोन्याला निघाल्या आहेत. तिथे म्हणे रस्त्याच्या कडेने कमानींचे व्हरांडेच व्हरांडे, सगळे मिळून साठ किलोमीटरच्या वर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, चाला. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ब्रेरा बोलायला त्यांना जेमतेम सहा महिने मिळाले.

आणि हो, मी मुंबईला व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायला गेले होते, असं कोणी सांगत फिरत असेल तर ते धादांत खोटं आहे. मी दादरला मावसबहिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला गेले होते. पिशवीत काय होतं, ते कोणी विचारायचं काम नाही.